तीन हुकांस मान्यता

मी स्वतःच्या हाताने केलेला, किल्ल्या आणि टपाल ठेवायचा स्टँड आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर तीन तास चाळीस मिनिटं टिकला. त्यानंतर अप्पांनी पेचकस घेऊन तो उतरवला.

हे तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही. स्टँड अजून भिंतीवर आहे, किल्ल्या ओळीने लटकताहेत, येणारा-जाणारा कौतुक करतोय, आणि मी कराडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलाशी अप्पांसमोर नकाशा घेऊन बसलोय. मी तेवीस वर्षांचा आहे. डिप्लोमा झालाय, नोकरी नाही, आणि घराला शिस्त लावायचा झटका नुकताच आलेला आहे.

"स्केल कुठाय?" अप्पांनी विचारलं.

"कसलं स्केल?"

"नकाशाला स्केल लागतं. एकास किती?"

"अप्पा, दारामागे लावायची फळी आहे. धरण नाही."

"धरणाचेसुद्धा असेच नकाशे आणायचे लोक," अप्पा म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

अप्पा पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं होते आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. खरं तर खातं त्यांच्यातून निवृत्त झालंच नव्हतं. घरात काहीही नवीन करायचं तर त्यांना लेखी लागायचं. आईने मिक्सर बदलला तेव्हा तिनेही चार ओळी लिहून दिल्या होत्या, खाली 'आपली विश्वासू' असं लिहून. अप्पांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला होता. आईने तो कागद मिक्सरच्या खोक्यात ठेवला, गॅरंटी कार्डाबरोबर.

माझा नकाशा वहीच्या पानावर होता. जुन्या कॅरम बोर्डाचं सामान वापरायचं ठरलं होतं: प्लायची पाठ, प्लायचेच टपालाचे दोन कप्पे, आणि बोर्डाच्या जाड लाकडी कडेवर पितळी हुक.

"हुक किती?" अप्पांनी विचारलं.

"चार."

"तीन."

"चार माणसं आहेत घरात."

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं.

"घरात किल्ल्या तीन आहेत," अप्पा म्हणाले. "म्हणून हुक तीन." त्यांनी पेन काढलं, माझ्या नकाशावरचा चौथा हुक एका आडव्या रेघेने खोडला, आणि खाली लिहिलं, 'तीन हुकांस मान्यता.' मग सही, मग तारीख.

लाटणं पुन्हा सुरू झालं. मी नकाशा घेऊन खोलीत गेलो आणि मनाशी म्हटलं, बघतोच.

चौथा हुक ऋजुताताईचा होता.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करायची. जानेवारीत तिने फोन करून सांगितलं की सुमेधशी तिने रजिस्टर लग्न केलंय. सुमेध तिच्याच प्रयोगशाळेतला. त्याची जात वेगळी होती आणि ते आमच्या घरात कुणी एकदाही मोठ्याने म्हटलं नाही. अप्पांना लागलं ते भलतंच. या लग्नाची नोटीस तीस दिवस कचेरीतल्या बोर्डावर लावलेली असते, हे त्यांना पाठ होतं.

"तीस दिवस," ते फोनवर म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नाची नोटीस पुण्यात बोर्डावर होती, आणि मला तोंडाने सांगायला एक दिवस मिळाला नाही तुला."

फोन ठेवल्यावर घरात जी शांतता पसरली ती मला सहन होईना. मी म्हणालो, "म्हणजे पत्रिकेवर 'माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं माझ्या नावाने छापायचं आता राहिलंच." कुणी हसलं नाही. आई उठून गॅलरीत गेली.

मी हे नेहमी करतो. घरात काही तुटायला आलं की माझ्या तोंडून विनोद पडतो. मग लोक तुटलेल्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात.

फेब्रुवारीत ताई कपडे न्यायला आली. अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. पान उलटत नव्हते. मी स्वयंपाकघरात होतो. ताईचा आवाज आला, "किल्ली ठेवून जाऊ का, अप्पा?" अप्पांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. चपलांच्या कपाटावर किल्ली ठेवल्याचा खण् असा आवाज मात्र आला. थोड्या वेळाने दार लागलं. मी बाहेर आलो तेव्हा कपाटावर काही नव्हतं, अप्पा पेपर वाचत होते आणि या वेळी खरोखर पान उलटत होते. मी काय ते समजून घेतलं. बापाने मुलीकडून किल्ली काढून घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

आता डिसेंबर होता. दहा महिन्यांत त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता. ताईचं बँकेचं, विम्याचं, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं टपाल मात्र आमच्याच पत्त्यावर यायचं. अप्पा ते फेकायचे नाहीत, पुण्यालाही पाठवायचे नाहीत. रबरबँड लावून चपलांच्या कपाटावर ठेवायचे. कधीतरी तो गठ्ठा नाहीसा व्हायचा. मी धरून चाललो की अप्पा रद्दीत घालत असतील. माझं असं बरंच काही धरून चाललेलं होतं.

तर माझा बेत असा होता: चार हुक लावायचे, चौथ्यावर ताईची किल्ली लटकवायची. अप्पांनी रोज येता-जाता ती बघायची. महिनाभरात ते विरघळतील. ताई येईल, हुकावरून आपली किल्ली काढून घेईल, आणि मी एखादा साधा, न दुखणारा विनोद करीन. तोही तयार ठेवला होता.

अडचण एकच होती. चौथी किल्ली अप्पांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर बंद. म्हणून माझी किल्ली घेऊन मी एसटी स्टँडजवळ रसूलचाचांकडे गेलो. चाचा टपरीत बसून किल्ल्या घासायचे. त्यांनी माझी किल्ली उजेडात धरली.

"किती वर्षांची?"

"पंधरा तरी असतील."

"हिची नक्कल करू नको. झिजलीय. नक्कल पण झिजलेलीच निघणार." त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला. "हे लॅच नीट लागत नसेल तुमचं."

खरं होतं. आमचं लॅच अडायचं. किल्ली पूर्ण आत सारून केसभर मागे ओढायची, दाराला डावा खांदा लावायचा आणि मग फिरवायची. आमच्या चौघांचा डावा खांदा त्यात तयार झाला होता. पाहुण्यांना जमायचं नाही.

"लॅचच बदल," चाचा म्हणाले. "नव्याबरोबर चार किल्ल्या येतात."

चार. मला वाटलं, सृष्टी माझ्या बाजूने आहे.

अप्पांच्या गुडघ्यासाठी अप्पा आणि आई महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी साताऱ्याला जायचे. सकाळी आठला निघून संध्याकाळी सहाला परत. माझा त्या दिवशी पाचपर्यंत कॉम्प्युटरचा क्लास असायचा. त्या गुरुवारी मी क्लासला दांडी मारली.

ते गेल्यावर मी जुनं लॅच काढलं. शेजारच्या मगदूम काकूंना उघड्या दारावर लक्ष ठेवायला सांगून सायकलवरून चाचांकडे गेलो आणि तेवढ्याच मापाचं नवीन आणलं. जुनं चाचांनी ठेवून घेतलं. आतले पार्ट कामाला येतात म्हणाले. त्याचे स्क्रू मात्र मी खिशात टाकून आणले, कारण जुन्या काळचे स्क्रू चांगले असतात असं मी अप्पांकडूनच ऐकलं होतं. बारा वाजेपर्यंत नवीन लॅच बसलं. एका बोटाने किल्ली फिरत होती. मी दार सतरा वेळा उघडलं आणि लावलं.

मग कॅरम बोर्ड. करवतीने कड कापली, पॉलिश पेपरने घासली, मापं दोनदा घेतली. तरी बोर्डावरचं मधलं लाल वर्तुळ बरोबर टपालाच्या कप्प्यावर आलं. त्यामुळे आमचं टपाल कुणी नेम धरून मारावं असं दिसत होतं. कप्पे फेविकोलने चिकटवले, वर पाटा ठेवून दाबले. हुक पिळून बसवले. चार. भिंतीला भोकं पाडायला मी मित्राकडून ड्रिल मशीन आणून ठेवलं होतं. भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि लॅचचे जुने स्क्रू वापरून साडेतीन वाजता स्टँड भिंतीवर चढवला.

चपलांच्या कपाटावर ताईच्या टपालाचा गठ्ठा होता. रबरबँडखाली एक घडी केलेला कागद होता. बाहेरच्या बाजूला अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टपाल ३ नग.' अप्पा दूधवाल्याकडूनही पोच घ्यायचे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी गठ्ठा तसाच लाल वर्तुळाच्या कप्प्यात ठेवला. शेजारी एक छोटा स्टीलचा डबाही होता. त्यात शेंगदाण्याचे लाडू होते. चपलांच्या कपाटावर लाडू का, असा प्रश्न मला पडला. त्याचं उत्तर म्हणून मी दोन खाल्ले.

चार हुकांवर चार नव्या किल्ल्या लावल्या, लांबून बघितलं. मग त्यांतली एक खिशात टाकली, दार ओढून घेतलं आणि मशीन परत करायला मलकापूरला गेलो. मित्राने चहा पाजला. मी त्याला स्टँडबद्दल इतकं सांगितलं की तो म्हणाला, अरे, पेटंट घे. मी परत आलो तेव्हा पाच वाजत आले होते. खिशातली किल्ली पुन्हा तिच्या हुकावर लावली.

सहाला अप्पा आणि आई आले. जिन्यात अप्पांची काठी ऐकूनच मी दार उघडलं, त्यांना लॅच दिसू नये म्हणून. सरप्राइज हप्त्याहप्त्याने द्यायचं होतं.

अप्पा चप्पल काढताना वर बघून थांबले. स्टँड बघितला. मग हुक मोजले. त्यांना मोजायला वेळ लागला नाही.

"मान्यता तिनाची होती," ते म्हणाले.

"चौथा ज्यादा काम म्हणून धरा."

"चौथी किल्ली कुणाची ही?"

"ताईची." मी तयार होतो. "तुम्ही तिच्याकडून घेतलीत ती नाही, ही नवीन आहे. तुमच्या ड्रॉवरला मी हात लावलेला नाही."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलतोय. "माझ्या ड्रॉवरमध्ये ऋजुताची किल्ली नाही. ऋजुताची किल्ली ऋजुताकडे आहे."

"पण तिने फेब्रुवारीत कपाटावर ठेवली. मी आवाज ऐकला."

"ठेवली. मी म्हटलं, उचल. तिने उचलली." ते खुर्चीवर बसले, गुडघा सरळ केला. "किल्ली तिच्याकडे आहे म्हणून तर हुक नको म्हटलं. चौथा हुक लावला असता तर रोज रिकामा दिसला असता. मला तो बघायचा नव्हता."

आईचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती चपलांच्या कपाटाकडे बघत होती. "निनाद," ती हळू आवाजात म्हणाली, "डबा इथेच आहे. गठ्ठा कुठाय?"

"कप्प्यात."

"म्हणजे नेला नाही?"

"कुणी?"

तेवढ्यात बेल वाजली. मगदूम काकू होत्या. त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी नव्या लॅचवरून बोट फिरवलं.

"छान बसवलंय हो," त्या म्हणाल्या. "ऋजुता येऊन गेली चारच्या सुमाराला. दारात बराच वेळ खटपट चालली होती, म्हणून मी बाहेर आले. खांदा लावून लावून बघत होती बिचारी. मी म्हटलं, अगं, निनादने आज नवीन बसवलंय. तर लॅचकडे नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, हो का, बदललं का. म्हटलं, ये आत, चहा घे, येईलच तो. तर नको म्हणाली, गाडी आहे."

"काही सांगितलं का?" आईने विचारलं.

"नाही. जाताना म्हणाली, अप्पांना सांगा, कळलं. मी विचारलं काय कळलं, तर हसली आणि गेली."

काकू गेल्यावर आईने दार लावलं. लॅच अगदी हलक्या हाताने लागलं.

मला सगळं सांगितलं ते आईने, उभ्याउभ्याच. मार्चपासून ताई महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी यायची. घरी कुणी नसतं हे तिला माहीत होतं. आपल्या किल्लीने दार उघडायची, गठ्ठा घ्यायची, पंखा लावून थोडा वेळ बसायची, चहा करून प्यायची, कप विसळून पालथा घालायची आणि जायची. अप्पा गठ्ठ्यावर पोच लावून ठेवायचे. ती सही करून पोच टेबलावर ठेवायची.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

उत्तर अप्पांनी दिलं. ओरडून नाही. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच्यावर काहीतरी बोलला असतास. एकदा तू बोललास की ती गोष्ट पुन्हा पहिल्यासारखी होत नाही."

त्यांनी ड्रॉवर उघडून एक फाइल माझ्यापुढे ठेवली. वर लिहिलं होतं, 'ऋजुता – टपाल.' आत नऊ चिठ्ठ्या होत्या, टॅग घालून लावलेल्या. पहिली मार्चची: 'टपाल ५ नग.' खाली ताईचं, 'मिळाले. ऋ.' एप्रिल: 'टपाल ३ नग.' 'मिळाले. ऋ.' मे महिन्यापासून त्यात लाडू आले.

'टपाल ४ नग. लाडू ८.'

'मिळाले. लाडू ७ होते. ऋ.'

'आठवा निनादने खाल्ला असावा. चौकशी चालू आहे.'

'चौकशीचं काय झालं? गुडघा कसा आहे?'

'चौकशीत तथ्य आढळले. गुडघा जिना चढताना दुखतो.'

'सुमेधच्या ओळखीचे पुण्यात चांगले डॉक्टर आहेत. विचारू का?'

ही नोव्हेंबरची, शेवटची. त्यापुढे काही नव्हतं. मी भिंतीवरच्या कप्प्यातून गठ्ठा काढला आणि रबरबँडखालची घडी उघडली.

'टपाल ३ नग. लाडू १०. डॉक्टरांना विचारावे. पुढील गुरुवारी आम्ही दिवसभर घरी आहोत. दोघांनी जेवावयास यावे.'

'दोघांनी' या शब्दाखाली खोडलेल्या जागेची खूण होती. आधी 'तू' लिहिलं होतं.

मी ताईला फोन लावला. चौथ्यांदा लावल्यावर तिने उचलला. मागे बसचा आवाज येत होता.

"ताई, लॅच मी बदललं. अप्पांना माहीतच नव्हतं. मी स्टँड करत होतो. किल्ल्यांचा. कॅरम बोर्डाचा."

"बरं झालं. जुनं अडतच होतं."

"अगं, तुझ्यासाठीच केलं. चौथा हुक. आणि तू ती पोच वाचली नाहीस आजची. ऐक." मी वाचून दाखवलं. वाचताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. साहेबी मराठीत, गंभीर चेहऱ्याने. अप्पांची नक्कल मी लहानपणापासून याच आवाजात करत आलो होतो, आणि ताई खुर्चीवरून पडेपर्यंत हसायची.

या वेळी ती हसली नाही. "दोघांनी," ती म्हणाली. "निनाद, अप्पा असं लिहितील?"

"लिहिलंय. माझ्या हातात आहे."

"तू मला बरं वाटावं म्हणून रचतोयस. दहावीच्या वेळी बोर्डाचं पत्र असंच रचलं होतंस."

"ते वेगळं होतं."

"तेही हुबेहूब होतं." मग म्हणाली, "अप्पांना दे फोन."

फोनवर फोटो पाठवायचे दिवस अजून यायचे होते. मी फोन अप्पांपुढे धरला. ते नव्या लॅचचा स्क्रू काढत होते. त्यांनी फोनकडे बघितलं, पेचकस या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, आता बोलतील.

"लेखी दिलंय," ते म्हणाले. "तोंडी काय सांगायचं त्यात." आणि पुन्हा स्क्रूकडे वळले.

ती हे ऐकत होती. "ठेव," एवढंच म्हणाली, आणि तिनेच ठेवला.

साडेसहाला अप्पांना स्कूटरवर मागे बसवून मी रसूलचाचांच्या टपरीवर गेलो. चाचा आवराआवर करत होते. अप्पांनी जुनं लॅच मागितलं. चाचांनी एक पत्र्याचा डबा पुढे केला. लॅच उघडलेलं होतं. आतल्या बारीक पितळी पिना इतर कुलपांच्या पिनांत मिसळल्या होत्या.

"पुन्हा बसवता येईल?" अप्पांनी विचारलं.

"बसवतो की. तुमची किल्ली द्या. तिच्या दातांप्रमाणे पिना लावतो."

"सगळ्या किल्ल्या लागतील?"

चाचांनी अप्पांची किल्ली माझ्या किल्लीशेजारी धरली. दोन्ही एकाच लॅचच्या, पण दोन्हीचे दात सारखे नव्हते. "साहेब, प्रत्येकाच्या हातात किल्ली वेगळी झिजते. लॅच त्या सगळ्यांना सांभाळून घेत होतं, कारण ते पण त्यांच्याबरोबर झिजलं होतं. आता मी नवीन पिना लावणार. तुमची लागेल. दुसऱ्याची लागेल की नाही, ती किल्ली समोर असल्याशिवाय नाही सांगता यायचं."

"ती समोर नाही," अप्पा म्हणाले. "तरी बसवा."

चाचांनी बसवलं. आम्ही सातला घरी आलो. नव्या लॅचचे स्क्रू जुन्याला आखूड पडत होते. जुन्याचे लांब स्क्रू कुठे आहेत, असं अप्पांनी विचारलं. मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी चारही किल्ल्या हुकांवरून काढून माझ्या हातात दिल्या, सावकाश एकेक स्क्रू पिळून काढला आणि स्टँड खाली घेतला. सुरुवातीला वाचलं नाही असं समजा म्हटलं ते हेच. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टँड त्यांनी रागाने टाकला नाही. भिंतीला टेकवून नीट उभा केला आणि म्हणाले, "काम चांगलं झालंय."

तेवढं ते नसते म्हणाले तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी आईने पुरणपोळ्या केल्या. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून साडेदहापासून दारासमोरच्या खुर्चीत बसले होते. दीड वाजता आईने पानं घेतली. पाच घेतली होती. दोन तिनेच उचलली. मी काहीही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब न बोललेला काळ असेल.

जानेवारीत ताईच्या नावाचं टपाल कमी झालं, फेब्रुवारीत एक विम्याचं पत्र आलं, मार्चपासून काही आलं नाही. तिने सगळीकडे पत्ता बदलला होता. नवा पत्ता आमच्याकडे नव्हता; तिचा आम्हाला माहीत असलेला पत्ता आमचाच होता. अप्पांच्या फाइलमध्ये दहावी चिठ्ठी आहे. पोचेची जागा कोरी आहे.

अडीच वर्षांनी अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती दवाखान्यात आली. सुमेधही आला. अप्पांनी त्याला गुडघ्याबद्दल इतके प्रश्न विचारले की तो शेवटी वहीत लिहून घ्यायला लागला, आणि तिथून त्यांचं जमलं. आता ती दोघं दिवाळीला येतात, त्यांची मुलगी येते. मी सगळ्यांदेखत विनोद करतो, सगळे हसतात. त्या गुरुवारचं माझं म्हणणं ताईने नंतर खरं मानलं. अप्पांनी ती चिठ्ठी तिला दाखवली. तिने ती वाचली, 'दोघांनी' वर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "हे त्या दिवशी हवं होतं."

अप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दाराला अजून तेच जुनं लॅच आहे. अप्पांच्या किल्लीने उघडतं, माझी आणि आईची चाचांनी नंतर घासून जुळवून दिली. ताईची किल्ली तिने पुण्यात घर बदललं तेव्हा कुठेतरी गेली. अप्पांनी तिला नवीन करून देऊ केली होती. ती म्हणाली, "कशाला, तुम्ही असताच की घरी."

म्हणून ती बेल वाजवते. एकदाच, थोडीशी, मग दोन पावलं मागे सरकून उभी राहते. पाहुणे राहतात तशी.

याबाबत काही करता येईल का, हे मी अप्पांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, माझ्या अधिकारात नाही, वरच अर्ज करावा लागेल. तो खालीलप्रमाणे करत आहे.

प्रति,
मा. प्रमुख, घडून गेलेल्या गोष्टी विभाग.

विषय: लॅच बदलण्याचे काम पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करणेबाबत.

महोदय,
सदर काम अर्जदाराने कोणाचीही मान्यता न घेता, केवळ प्रेमापोटी केलेले असल्याने ते मुळातच नियमबाह्य आहे. तरी त्या गुरुवारी दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत आमच्या दारास जुनेच लॅच होते, ते नेहमीप्रमाणे थोडे अडले, आणि डावा खांदा लावताच उघडले, असे मानण्यात यावे. व तसे श्रीमती ऋजुता यांना बसमध्ये बसण्यापूर्वी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.